ड्रायर गुणगुणतो पण फिरत नाही? मोटर बदलायच्या आधी एवढं बघा

खान्देशात ड्रायरला खरं काम चारच महिने. मार्च ते मे दोरीवर टाकलेली गोधडीसुद्धा दुपारपर्यंत कडक वाळते, त्यामुळे सेमी-ऑटोमॅटिक मशीनची पिळायची बाजू उन्हाळाभर झाकण लावून पडून असते. मग पावसाची झड लागते, कानबाईच्या सणाआधी पडदे-चादरी-गोधड्या धुवायला निघतात, आणि नेमका तेव्हाच ड्रायर नुसता 'हूंऽऽ' करून जागच्या जागी बसतो. इथे ड्रायर म्हणजे पिळणारा टबच. गरम हवेचं वेगळं यंत्र आपल्याकडे क्वचित कुणाकडे असतं, आणि जळगावच्या उन्हात ते हवंय तरी कशाला!

आवाज ऐकून 'मोटर गेली' असं सांगणं सोपं असतं. पण या मशीनमध्ये मोटर आपणहून फार कमी वेळा मरते. तिला पाणी मारतं, अडकलेला ब्रेक मारतो, नाहीतर कमजोर झालेला कपॅसिटर, म्हणजे मोटरीला उठायला जोर देणारा छोटा डबा. मारणारा तसाच ठेवून नवी मोटर बसवली, की पुढच्या पावसाळ्यात तीही जाते.

रचना अगदी साधी आहे. मोटर खाली, तीन स्प्रिंगांवर उभी. तिच्या दांड्यावर कपलिंग, कपलिंगमध्ये वरच्या बास्केटचा शाफ्ट बोल्टने आवळलेला. हा शाफ्ट बाहेरच्या टबच्या तळातून खाली येतो, तिथे रबरी सील असतं. कपलिंगचा गोल भाग हाच ब्रेकचा ड्रम. झाकण लावलं की वायर ओढली जाऊन ब्रेकचा पट्टा ड्रमपासून सुटतो, झाकण उघडलं की स्प्रिंग त्याला परत ड्रमवर दाबते. करंट टायमरमधून झाकणाच्या स्विचमध्ये आणि तिथून मोटरीला जातो. या साखळीत मोटर सोडून बाकी सगळं स्वस्त आहे, म्हणून तपास स्वस्ताकडून महागाकडे करायचा.

हत्यारं म्हणाल तर स्टार पेचकस, १० नंबरचा बॉक्स पाना, पक्कड आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर घेतानाच मायक्रोफॅरॅड (कपॅसिटरचं माप) मोजणारा घ्या, इथे त्याचीच जास्त गरज पडते. पिन काढल्याशिवाय मागचं कव्हर उघडायचं नाही. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर असतं आणि फेज आत तसाच जिवंत राहतो. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असू शकतो. त्याच्या दोन टोकांवर होल्डरमधला साधा पिवळा बल्ब क्षणभर टेकवला की तो रिकामा होतो. पेचकसाने शॉर्ट करून ठिणगी उडवायची सवय असेल तर सोडा, त्यात कपॅसिटरही बिघडतो आणि डोळ्यालाही धोका. कुठलीही वायर सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. रंगांवर विसंबू नका, कंपनीगणिक ते बदलतात.

अजिबात आवाजच नाही

गुणगुणही नसेल तर बहुधा मोटरीपर्यंत करंट पोचतच नाही. धुण्याची बाजू चालते का ते आधी बघा. ती चालत असेल तर बोर्ड, पिन, मेन वायर ठीक आहे. मग पहिला संशय झाकणाच्या स्विचवर. वरच्या पॅनेलखाली पितळेच्या दोन पट्ट्या असतात, झाकणाची प्लास्टिकची जीभ त्यांना एकमेकींवर दाबते. मशीन गॅलरीत उन्हात राहिलं तर हे प्लास्टिक ठिसूळ होतं, जिभेचं टोक झिजतं किंवा तुटतं आणि पट्ट्या टेकतच नाहीत. मल्टिमीटर बजरवर (दोन टोकं आतून जुळलेली असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवा, स्विचच्या दोन वायरींना लावा आणि झाकण लावून बघा. लावल्यावर वाजलं, उघडल्यावर थांबलं की स्विच चांगला. पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी मधून दोन-चारदा ओढा आणि पट्ट्या किंचित जवळ वाकवा.

हा स्विच कायमचा जोडून टाकायचा 'जुगाड' मात्र नको. बास्केट मिनिटाला साडेतेराशेच्या आसपास फेरे घेते. उघड्या झाकणातून साडीचा पदर किंवा पोराचा हात आत गेला तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय झाकण उघडताच ब्रेक बसतो आणि इकडे मोटर चालूच राहते, म्हणजे तिला बांधून पळवल्यासारखं. वाइंडिंग जळायला फार वेळ लागत नाही.

स्विच ठीक असेल तर टायमर. पाच मिनिटांचा चावीचा टायमर असतो. फिरवल्यावर त्याच्या दोन वायरींत बजर वाजला पाहिजे, शून्यावर आल्यावर बंद झाला पाहिजे. नाही तर बदला. नवा घेताना वायरींची संख्या आणि दांडीचा आकार जुन्याशी जुळवून घ्या.

आणि एकदा वाकून मशीनखाली टॉर्च मारा. खळ्यातलं धान्य घरात आलं की उंदीरही येतात, आणि मशीनचा तळ उघडाच असतो. कुरतडलेली वायर सापडली तर नुसती टेप गुंडाळू नका. जोड सोल्डर करून किंवा क्रिम्प करून वर स्लीव्ह घाला, आणि तळाला जाळी बसवा.

गुणगुणतो, पण फिरत नाही

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. आवाज आला की ताबडतोब टायमर शून्यावर न्या. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, 'बघू, फिरेल' म्हणत पाच मिनिटं ठेवली तर खरोखरच मोटर गेली म्हणायची वेळ येते.

पिन काढा, मागचं कव्हर खोला. एका हाताने ब्रेकची लिव्हर ड्रमपासून दूर धरा आणि दुसऱ्या हाताने बास्केट फिरवून सोडा. ती सहज चार-सहा फेरे घेत हळूहळू थांबली तर यांत्रिक बाजू मोकळी आहे, दोष कपॅसिटरचा किंवा व्होल्टेजचा. लगेच थांबली, कुरकुरली किंवा हललीच नाही तर दोष ब्रेक, बुश (मोटरीचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) किंवा सीलमध्ये. या एका चाचणीत अर्धा तपास होतो.

आधी कपॅसिटर घेऊ. ड्रायरच्या मोटरीला साधारण ४ ते ६ मायक्रोफॅरॅडचा लागतो, धुण्याच्या मोटरीला त्याच्या दुप्पट-अडीचपट. खूप मशीनांत दोन्ही एकाच डब्यात असतात आणि अंगावर '१०+५' असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला पाचचा भाग कमजोर झाला की कपडे मस्त धुतले जातात आणि ड्रायर तेवढा गुणगुणत बसतो. वायर सोडवून, रिकामा करून मोजा. ५ लिहिलेल्यावर ४.७-४.८ आला तर चिंता नाही. ४ च्या खाली आला, किंवा अंग फुगलं असेल, तर बदला. नवा त्याच आकड्याचा आणि ४४० व्होल्टचा घ्या. 'जरा मोठा टाकू, जोर येईल' हा हिशोब चुकीचा. जास्त मायक्रोफॅरॅडने सुरुवातीला झटका मिळतो, पण नंतर वाइंडिंग तापत राहतं. '१०+५' मध्ये वायरींची अदलाबदल झाली तरी हाच प्रकार होतो, त्यासाठीच फोटो.

कपॅसिटर चांगला आणि बास्केट मोकळी, तरी उठत नसेल तर सॉकेटवर व्होल्टेज मोजा, तेही ड्रायर चालू करण्याच्या क्षणी. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० मिळाले तर जोर साधारण ६१ टक्केच उरतो. शेतावरच्या वस्तीत, टोकाच्या घरात संध्याकाळी हे हमखास होतं. तिथे दुपारी पिळा, किंवा निम्मे कपडे टाका. मोटर बदलून डीपीचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरचा) दोष जात नाही.

आता ब्रेक. वायर जुनी झाली की ताणून लांब होते. झाकण लावलं तरी लिव्हर पूर्ण ओढली जात नाही आणि पट्टा ड्रमला घासत राहतो. जळक्या रबराचा वास, ड्रमवर काळी पूड आणि हात न लावण्याइतकं तापलेलं कपलिंग ही खूण. झाकण लावून मागून बघा, पट्टा आणि ड्रम यांच्यात दोन-तीन मिलिमीटर उजेड दिसला पाहिजे. काही मशीनांत वायर अडकवायच्या प्लास्टिकला एकाहून जास्त भोकं असतात, पुढच्या भोकात अडकवली की ताण येतो. भोकं नसतील किंवा वायरीचे तारे तुटले असतील तर नवी वायर, ती किरकोळ किमतीत मिळते. उलटीही बाजू तपासा. झाकण उघडल्यावर बास्केट दहा सेकंदांच्या आत थांबली पाहिजे. फिरतच राहिली तर पट्टा झिजला आहे किंवा त्याची स्प्रिंग सुटली आहे.

पाणी कुठून शिरतं

खरं दुखणं इथे आहे. टबच्या तळाच्या रबरी सीलला दुकानात ड्रायर सील किंवा बेलो म्हणतात. शाफ्ट याच्या ओठांतून फिरतो. बोअरचं पाणी जड असेल (आपल्याकडे बादलीच्या काठावरचा पांढरा थर बघितला की कळतं) तर तोच थर शाफ्टवर बसतो आणि पॉलिश पेपरसारखं काम करतो. ओठ झिजतात, पाणी थेंब थेंब खाली मोटरीच्या डोक्यावर पडतं. उन्हाळाभर ड्रायर बंद, वरून धूळ, रबर कडक, खाली गंजलेलं बुश. पहिल्या पावसात चालू करता तेव्हा ते जाम झालेलं असतं. म्हणजे बिघाड जुलैत दिसला तरी तो झालेला असतो आदल्या पावसाळ्यातच.

खूण सोपी आहे. मशीनखाली वर्तमानपत्र पसरा, पिन काढलेली असताना ड्रायरच्या टबमध्ये लिटरभर पाणी ओता आणि बास्केट हाताने फिरवा. पाणी नळीतूनच गेलं पाहिजे. मोटरीच्या बरोबर खाली कागदावर तांबूस डाग उमटला तर सील गेलं. तांबूस का? तर ते पाणी मोटरीच्या गंजावरून आलेलं असतं.

बदलायचं असं. कपलिंगचे बोल्ट सैल करा, वर लॉकनट असेल तर आधी तो. बोल्ट गंजून धरले असतील तर गंज सोडवायचा स्प्रे मारून अर्धा तास थांबा. जोर केला की डोकं गोल होतं आणि मग पाच मिनिटांचं काम दिवसभर पुरतं. बोल्ट सुटले की बास्केट दोन्ही हातांनी सरळ वर ओढा. किंचित डावी-उजवीकडे हलवत ओढली की निघते. आता तळाला दिसेल तो ऐवज: साबणाचा चिखल, सुतळीचे तुकडे, कापसाची लव, एखादं नाणं, मुलांच्या गणवेशाचं बटण. हे काढून टाका. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात फडकं भिजवा आणि पांढऱ्या थरावर अर्धा तास ठेवा, नंतर जुन्या टूथब्रशने घासा. लिंबूसत्त्व आणि ब्लीच एकत्र कधीही करायचं नाही, विषारी वायू निघतो.

जुनं सील ओढून काढा आणि तेच दुकानात न्या. आतलं भोक, बाहेरचा व्यास आणि उंची तिन्ही जुळली पाहिजेत, 'सगळ्याला चालतं' म्हणून दिलेलं सील आठवड्यात गळतं. नवं बसवण्याआधी शाफ्टवर नख उभं फिरवा. नख जिथे अडकेल तिथे खाच पडलेली आहे. नुसता गंज असेल तर ४०० नंबरच्या आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, शाफ्टच्या गोलाईतच घासा. उभं घासू नका, उभ्या रेघांतून पाणी खाली उतरतं. घासूनही नख अडकत असेल तर नवं सील फार टिकणार नाही, शाफ्टसकट बास्केट बदलावी लागते. सीलच्या ओठांत लिथियम ग्रीस हरभऱ्याएवढं पुरे. बास्केट खाली सोडताना शाफ्टचं टोक ओठाला फाडणार नाही असं सावकाश सोडा.

कपलिंग आवळताना शाफ्टवरची चपटी बाजू किंवा खळगा शोधा, बोल्टचं टोक बरोबर तिथेच बसलं पाहिजे. गोल भागावर आवळला तर दोन-चार दिवस चालतं, मग घसरतं. मोटर फिरते, बास्केट नाही, आणि शाफ्टवर नव्या खाचा पडतात. पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा लिटरभर पाणी. दहा मिनिटं कागद कोरडा राहिला तरच कव्हर लावा.

मोटरीचं बुश जाम असेल पण वाइंडिंग शाबूत असेल तर शिलाई मशीनचं तेल चार-पाच थेंब घालून, हाताने फिरवत मोकळं करा. खोबरेल तेल नको. ते साधारण २४ अंशांखाली गोठू लागतं, आणि धुळे-जळगावची डिसेंबरची पहाट त्याहून किती खाली जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

फिरतो, पण मशीन अंगणात चालायला लागतं

बास्केटचा व्यास २४ सेंटिमीटर धरला आणि वेग १३५० फेरे, तर कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास अडीचशे पट ओढ असते. म्हणजे एका बाजूला शंभर ग्रॅमचा ओला रुमाल जास्त राहिला तर दर फेऱ्याला सुमारे २४ किलोचा हिसका. गोधडी एकटी टाकली की हेच होतं. ती गोल गुंडाळून कडेने बसवा, मधली पोकळी मोकळी ठेवा, वरून आतली जाळीची चकती दाबून लावा. केळीच्या बागेत घातलेल्या जाड पँटी एका बाजूला आणि ओढण्या दुसऱ्या बाजूला, असंही नको. कपडे नीट बसवूनही धडधड होत असेल तर मोटरीखालच्या तीन स्प्रिंगा आणि त्यांची रबरं बघा. एकच तुटली असली तरी तिन्ही एकदम बदला. नवी-जुनी मिसळली की मोटर तिरकी बसते आणि सील एका बाजूने झिजतं.

बास्केट फिरते पण कपडे ओलेच निघतात, तेव्हा आधी निचऱ्याची नळी. ती जमिनीवर लोळती हवी. मोरीच्या कट्ट्यावर चढवली तर पाणी टबमध्येच साठतं आणि बास्केट पाण्यात फिरते. नळी कमी पडली म्हणून घरातली ठिबकची १६ मिलिमीटरची नळी जोडायचा मोह आपल्या भागात होणारच, पण ती या पाण्याला पुरत नाही.

मोटर खरोखर गेली हे कसं ओळखायचं

मोटरीच्या तीन वायरी सोडवा आणि दोन-दोन करून ओहम मोजा. ज्या जोडीचा आकडा सगळ्यात मोठा, ती दोन्ही वाइंडिंगांची बेरीज. उरलेली तिसरी वायर कॉमन. कॉमनपासून दोघींचे आकडे मिळवले की मोठा आकडा जुळला पाहिजे. कुठे उघडं दाखवलं तर वाइंडिंग किंवा आतला थर्मल प्रोटेक्टर (मोटर फार तापली की करंट तोडणारा) तुटला. तापून बंद झाली असेल तर तासभर थंड होऊ द्या आणि पुन्हा मोजा, काही प्रोटेक्टर आपणहून जुळतात. मग प्रत्येक वायर आणि मोटरीचं लोखंड यांच्यात मोजा. तिथे आकडा आलाच तर करंट अंगावर येतोय, ती मोटर वापरायची नाही.

गावोगावी मोटार वाइंडिंगवाले आहेत, पण ते पाणबुडी पंपांसाठी. ही लहान मोटर त्यांच्याकडून भरून घेण्यापेक्षा नवी तांब्याच्या वाइंडिंगची परवडते. दुकानात वायरीचं टोक ब्लेडने खरवडून दाखवायला सांगा. आत पांढरं निघालं तर तांब्याचा नुसता मुलामा आहे. फिरण्याची दिशा, दांड्याची जाडी आणि स्प्रिंगांच्या भोकांमधलं अंतर जुन्याशी ताडून घ्या. बसवताना हिरवी अर्थिंगची वायर मोटरीच्या लोखंडाला परत जोडायला विसरू नका. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्याचा जमिनीशी संबंध सुटतो, म्हणून तिथे अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर उत्तम.

सगळं जोडल्यावर पहिला फेरा रिकाम्या बास्केटचा, दोन मिनिटांचा. पिन काढून मोटरीला हात लावा. कोमट असावी, चटका नसावा. दुसरा फेरा एका भिजवलेल्या टॉवेलचा, पूर्ण पाच मिनिटं. टॉवेल काढून दोन्ही हातांनी घट्ट पिळा. थेंब पडला नाही तर कव्हरचे उरलेले स्क्रू लावा, आणि येत्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा रिकामा ड्रायर मिनिटभर फिरवत जा.